जनपद सभेची शाळा : जबलपूर परिसरातील ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा कारभार, पैसा आणि फलित

१. विषयाची मांडणी

जबलपूर जिल्ह्यात आज सात विकासखंड आहेत आणि प्रत्येक विकासखंडासाठी एक 'जनपद पंचायत' आहे. महाराष्ट्रात जिला पंचायत समिती म्हणतात, तिचेच हे मध्य प्रदेशातील नाव. मात्र 'जनपद' हा शब्द १९९३च्या पंचायतराज कायद्याने नव्याने घडवलेला नाही. मध्य प्रांत व वऱ्हाड या जुन्या प्रांताने १९४८ साली स्थानिक शासनाचा जो कायदा केला, त्यातून 'जनपद सभा' ही संस्था अस्तित्वात आली होती. तहसील हे तिचे क्षेत्र होते व खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळा चालवणे हे तिचे एक प्रमुख काम होते. जबलपूर, सिहोरा आणि मुडवारा या तहसिलींत जशा या सभा होत्या, तशाच त्या नागपूर, भंडारा, अमरावती आणि यवतमाळ या जिल्ह्यांतही होत्या.

मराठीतील शिक्षणेतिहासाचे लेखन प्रामुख्याने मुंबई इलाख्याभोवती फिरत आले आहे. त्यामुळे लोकल बोर्ड व स्कूल बोर्ड यांची माहिती सापडते. परंतु विदर्भ आणि महाकोशल यांचा समाईक असलेला जनपद सभेचा अनुभव दोन राज्यांच्या सीमेवर अडकून पडलेला दिसतो. प्रस्तुत निबंधात या संस्थेची घडण, तिच्या उत्पन्नाची साधने आणि १९५६ नंतर तिच्या शाळांचे काय झाले, याचा परामर्श घेतला आहे. कर कोणी बसवावा, शिक्षक कोणी नेमावा आणि शाळेची तपासणी कोणी करावी, हे तीन अधिकार कोणाच्या हाती होते, या प्रश्नाच्या अनुरोधाने ही मांडणी केली आहे. गावची शाळा कोणाची, याचे उत्तर कायद्यातील नावापेक्षा या तीन अधिकारांच्या वाटणीत अधिक स्पष्टपणे मिळते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२. पूर्वपीठिका : वर्गणी, पट्टी आणि कौन्सिल

जबलपूरचा प्रदेश १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात आला व पुढे 'सागर व नर्मदा प्रदेश' या नावाने ओळखला जाऊ लागला. या प्रदेशातील आधुनिक शिक्षणाचा आरंभ सागर येथे झाला. १८२८च्या सुमारास कॅप्टन जेम्स पेटन या लष्करी अधिकाऱ्याने स्वतःच्या पैशातून व वर्गणीतून तेथे शाळा चालवली. तिच्या व्यवस्थेत कृष्णराव रिंगे या स्थानिक मराठी गृहस्थाचा मोठा वाटा होता. पुढे सागरला उभी राहिलेली सरकारी शाळा महाविद्यालयाच्या दर्जाला पोचली व १८७३ मध्ये जबलपूरला हलवण्यात आली. आजचे शासकीय विज्ञान महाविद्यालय आपली स्थापना १८३६ची मानते, ती याच परंपरेच्या आधारे. एका व्यक्तीचा पुढाकार, मग वर्गणी, मग सरकारी ताबा हा क्रम येथे दिसतो. जबलपूर शहरात १८६८ साली स्थापन झालेल्या हितकारिणी सभेने खाजगी प्रयत्नाची वाट पुढे चालू ठेवली. खेड्यांची स्थिती मात्र वेगळी होती. तेथे वर्गणी देऊ शकणारा वर्ग नव्हता आणि शाळेला पैसा मिळण्याचा मार्ग शेतसाऱ्यावरील पट्टी हाच होता.

१८६१ मध्ये नागपूरचा प्रदेश व सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत निर्माण झाला. पुढच्याच वर्षी शिक्षण खाते सुरू झाले व शेतसाऱ्यावर शिक्षणपट्टी बसली. प्रारंभी ती शेकडा एक होती, नंतर शेकडा दोन झाली. मुंबई इलाख्यात याच सुमारास साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई व त्याचा एक-तृतीयांश भाग शिक्षणाकडे जाई. म्हणजे ग्रामीण शाळा सुरुवातीपासून शेतकऱ्याच्या पैशावर उभी होती. शेतकऱ्याकडून घेतलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात मांडली होती. ती मुंबई इलाख्यापुरती होती. पण कर देणारा आणि खर्च ठरवणारा यांच्यातील अंतर हा तिचा गाभा मध्य प्रांतालाही तंतोतंत लागू पडत होता.

हे अंतर कमी करण्याचा पहिला कायदेशीर प्रयत्न म्हणजे १८८३चा मध्य प्रांत स्थानिक स्वराज्य कायदा. त्याने जिल्ह्याला डिस्ट्रिक्ट कौन्सिल व तिच्या हाताखाली लोकल बोर्डे दिली. शाळा, रस्ते, दवाखाने आणि कोंडवाडे यांचा कारभार त्यांच्याकडे आला. उत्पन्न मात्र पट्टी, कोंडवाड्याची फी, नावांचे ठेके, बाजाराचे उत्पन्न आणि सरकारी अनुदान एवढ्यापुरते राहिले. शाळांची तपासणी, अभ्यासक्रम, क्रमिक पुस्तके आणि शिक्षकांचे प्रशिक्षण शिक्षण खात्याकडेच होते. शाळा कौन्सिलची, परंतु ती चांगली की वाईट हे ठरवणार खाते, अशी ही विभागणी पुढे सत्तर-पंच्याहत्तर वर्षे टिकली.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या १९११च्या सक्तीच्या शिक्षणाच्या विधेयकाने या विभागणीवर एक तोडगा सुचवला होता. स्थानिक संस्थेने सक्ती लागू करावी, खर्चाचा एक वाटा तिने व दोन वाटे सरकारने उचलावेत, अशी ती योजना होती. १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. परंतु १९२० मध्ये मध्य प्रांताने जो प्राथमिक शिक्षण कायदा केला, त्यात सक्ती लागू करण्याचा पुढाकार स्थानिक संस्थेकडेच ठेवण्यात आला. त्याच वर्षी स्थानिक स्वराज्याचा नवा कायदाही झाला. अधिकार वाढले, त्या मानाने तिजोरी वाढली नाही. पहिल्या इयत्तेत बसलेली बहुसंख्य मुले साक्षर होण्याआधीच शाळा सोडतात, हा १९२९च्या हार्टोग समितीचा निष्कर्ष सर्व देशाविषयीचा होता. मध्य प्रांत त्याला अपवाद नव्हता.

३. विद्यामंदिर : जमिनीवर उभी शाळा

१९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले व शिक्षण खाते पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे गेले. त्यांच्या विद्यामंदिर योजनेत शाळेच्या पैशाचा प्रश्न अगदी निराळ्या रीतीने सोडवण्याचा प्रयत्न होता. गावातील दात्याने शाळेला जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन निघावे आणि शाळेला दरवर्षी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, अशी ती कल्पना होती. देवस्थानाला इनाम असते तसे शाळेला असावे, हा विचार येथील ग्रामीण समाजाला परका नव्हता.

योजनेवर टीका झाली ती मुख्यतः तिच्या नावावरून. 'मंदिर' या शब्दास मुस्लिम लीगने घेतलेली हरकत १९३८च्या पीरपूर अहवालात नोंदली गेली आणि तो वाद देशभर गाजला. या गदारोळात योजनेचे आर्थिक दौर्बल्य झाकले गेले. जमिनीचे उत्पन्न पावसावर व धान्याच्या भावावर अवलंबून असते. शिक्षकाचे वेतन मात्र दरमहा लागते. शिवाय दाता जिथे असेल तिथेच शाळा होणार. ज्या गावी मोठा जमीनदार नाही किंवा असून देण्यास तयार नाही, त्या गावाचे काय, याला योजनेत उत्तर नव्हते. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर योजनेची गती संपली. तरीही शाळेला स्वतःचे, कोणी काढून घेऊ शकणार नाही असे उत्पन्न असावे, हा तिच्यातील विचार दखल घेण्याजोगा आहे. कारण पुढील कोणत्याही योजनेत तो परत आला नाही.

४. जनपद योजना

याच मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य खाते पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याकडे होते. मिश्र यांची सार्वजनिक कारकीर्द जबलपूरची. वृत्तपत्रकार, 'कृष्णायन' या अवधी महाकाव्याचे कर्ते आणि काँग्रेसचे संघटक अशी त्यांची ओळख होती. जनपद योजनेची कल्पना त्यांनी या पहिल्या कारकीर्दीत मांडली व स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कायद्याने ती अमलात आणली.

योजनेतील मुख्य बदल तीन होते. पहिला, जिल्हा हे एकक मोडून तहसील हे एकक स्वीकारणे. डिस्ट्रिक्ट कौन्सिल व लोकल बोर्ड ही दुहेरी रचना संपली आणि त्यांच्या शाळा, रस्ते व दवाखाने जनपद सभेकडे आले. दुसरा, खेडी आणि त्याच तहसिलीतील लहान शहरे यांचे प्रतिनिधी एकाच सभेत बसवणे. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा, सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी हा सरकारी महसूल प्रशासनातील अधिकारी असणे. लोकनियुक्त सभा आणि तहसिलीचे शासन यांना एकाच चौकटीत आणून कालांतराने सरकारचीच कामे सभेकडे सोपवत जावे, हा त्यामागील हेतू होता. बलवंतराय मेहता समितीने विकासखंडाच्या पातळीवर लोकनियुक्त संस्थेची शिफारस केली ती १९५७ मध्ये. म्हणजे जनपद सभा तिच्याआधी नऊ वर्षे काम करू लागल्या होत्या.

शिक्षणाच्या दृष्टीने तहसील हे एकक सोयीचे होते. सिहोऱ्याच्या एखाद्या खेड्यातील पालकाला जबलपूर गाठण्यापेक्षा तहसिलीचे ठिकाण जवळचे होते, आणि शाळेच्या छपराची किंवा गैरहजर मास्तरची तक्रार ऐकणारा सभासद त्याच मुलखातील होता. परंतु तीन अधिकारांची कसोटी लावली असता या रचनेतील वैगुण्य लक्षात येते. शिक्षक सभेचा नोकर होता. तपासणी, अभ्यासक्रम व प्रशिक्षण शिक्षण खात्याकडे होते. कर बसवण्याचा अधिकार सभेला होता, पण तो शासनाच्या मंजुरीने बांधलेला होता. शिवाय सभेचे ठराव अमलात आणणारा अधिकारी ज्या महसूल यंत्रणेचा होता, ती सभेला उत्तरदायी नव्हती. लहान एकक घेतल्याने शाळा गावाच्या जवळ आली खरी. पण एकक लहान म्हणजे करपात्र संपत्तीही लहान. कुंडमसारख्या गोंड वस्तीच्या डोंगराळ भागाचे आणि जबलपूरलगतच्या सुपीक हवेलीचे उत्पन्न सारखे असणे शक्य नव्हते.

५. कराच्या मर्यादा : छिंदवाड्याचा दाखला

स्थानिक संस्थेच्या करवसुलीच्या अधिकाराला किती ठिसूळ आधार होता, हे छिंदवाडा जनपद सभेच्या खटल्यांवरून कळते. छिंदवाड्याच्या कोळसाखाणींच्या क्षेत्रात १९२०च्या कायद्याखाली एक स्वतंत्र खाण लोकल बोर्ड होते. १९३५ मध्ये त्याने सरकारच्या मंजुरीने दर टनास तीन पै असा कोळशावर कर बसवला. पुढे दर वाढत जाऊन नऊ पैंवर गेला आणि १९४८ नंतर हा कर जनपद सभेकडे आला. खाणमालक न्यायालयात गेले. दरवाढीस शासनाची रीतसर मंजुरी नसल्याने ती अवैध आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिला. विधिमंडळाने १९६४ मध्ये कायदा करून ती वसुली वैध ठरवण्याचा प्रयत्न केला. तोही १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.

खटला टनामागे काही पैंचा होता. तथापि ज्या थोड्या सभांच्या हद्दीत शेतसाऱ्याबाहेरची मोठी संपत्ती होती, त्यांनाही तिच्यावर स्वतःच्या निर्णयाने कर वाढवता येत नव्हता, हे त्याने सिद्ध केले. ज्यांच्याकडे खाणी नव्हत्या, त्या सभांची भिस्त पट्टीवर व सरकारी अनुदानावरच राहिली. अनुदान देणाऱ्याच्या मर्जीने चालणाऱ्या संस्थेला स्वायत्त म्हणणे हे उपचारापुरतेच खरे असते.

६. एका कायद्याच्या दोन वाटा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. महाकोशलचे जिल्हे मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ यांच्यासह नव्या मध्य प्रदेशात आले. एकाच कायद्याखालच्या जनपद सभा दोन राज्यांत विभागल्या गेल्या आणि सहा-सात वर्षांच्या आत दोन्हीकडे त्यांच्याकडील शाळा गेल्या. मात्र त्या ज्या दिशेने गेल्या, त्या परस्परविरुद्ध होत्या.

नव्या मध्य प्रदेशातील इतर तीन घटकांत संस्थानी परंपरा होती. तेथील प्राथमिक शाळा थेट सरकारच्या होत्या व शिक्षक सरकारी नोकर होते. एकाच राज्यात, एकच काम करणाऱ्या शिक्षकांपैकी काही सरकारचे आणि काही जनपद सभेचे, ही विषमता टिकणे कठीण होते. सरकारी वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन आणि नोकरीची शाश्वती हवी असणे शिक्षकांच्या दृष्टीने स्वाभाविक होते. १९६३ मध्ये स्थानिक संस्थांच्या शाळांतील शिक्षकांना सरकारी सेवेत सामावून घेण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर द्वारकाप्रसाद मिश्र राज्याचे मुख्यमंत्री झाले. ज्यांनी तहसिलीच्या हाती शाळा दिली होती, त्यांच्याच कारकीर्दीत महाकोशलची ग्रामीण शाळा 'सरकारी स्कूल' झाली. यात व्यक्तीचा दोष शोधण्याचे कारण नाही. एकीकरणाच्या वेळी जे घटक संख्येने अधिक होते, त्यांची रीत सर्वांची रीत बनली.

महाराष्ट्रातही तीन घटकांच्या तीन रीती होत्या. पश्चिम महाराष्ट्रात १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा स्कूल बोर्डे होती, विदर्भात जनपद सभा आणि मराठवाड्यात, हैदराबाद संस्थानाच्या परंपरेनुसार, सरकारी शाळा. वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. नाईक स्वतः पुसदचे. १९५२ ते १९५६ या काळात जुन्या मध्य प्रदेशात उपमंत्री होते. जनपद सभेचे गुणदोष त्यांना जवळून ठाऊक असणार. नव्या रचनेत तहसिलीऐवजी जिल्हा हे मुख्य एकक झाले, पण शाळा लोकनियुक्त संस्थेकडेच ठेवण्यात आल्या. मराठवाड्यातील सरकारी शाळाही जिल्हा परिषदांकडे आल्या. मध्य प्रदेशात स्थानिक शाळा सरकारी झाल्या, तर महाराष्ट्रात सरकारी शाळा स्थानिक संस्थेच्या झाल्या.

हा फरक मराठी मुलखातच समोरासमोर पाहता येतो. छिंदवाडा जिल्ह्याच्या सौंसर तहसिलीतील पांढुर्णा हे मराठीभाषक गाव मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. त्याच रेल्वेमार्गावरील पुढचे नरखेड नागपूर जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत दोन्ही गावे एकाच प्रांतातील जनपद सभांच्या अमलाखाली होती. आज नरखेडकडील खेड्यात लोक 'झेडपीची शाळा' म्हणतात, तर पांढुर्ण्याकडे 'सरकारी शाळा'. बोलण्यातील हा भेद १९६२-६३ या दोन वर्षांत रुजला.

७. नाव परतले, अधिकार अर्धे

मध्य प्रदेशात १९६२चा पंचायत कायदा झाला, तरी वरच्या स्तरावरील संस्थांचा अंमल रेंगाळत राहिला. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये जनपद पंचायती खऱ्या अर्थाने उभ्या राहिल्या व प्राथमिक शिक्षणाशी त्यांचा संबंध पुन्हा जुळला. परंतु कसा? जुना सरकारी शिक्षक सरकारचाच राहिला. पंचायतींना नेमण्यासाठी 'शिक्षाकर्मी' ही नवी, कमी वेतनाची श्रेणी निर्माण करण्यात आली; तिच्यातील प्राथमिक स्तरावरील नेमणुका जनपद पंचायतीकडे आल्या. १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीत ४० मुलांच्या, आणि आदिवासी भागात २५ मुलांच्या पालकांनी मागणी केल्यास ९० दिवसांत शाळा देण्याची ती हमी होती. तेथील 'गुरुजी' स्थानिक असे व त्याचे मानधन सुरुवातीस दरमहा ५०० रुपये होते.

या योजनेने दुर्गम वस्त्यांत शाळा पोचवली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. मागणी पालकांची आणि उत्तर देण्याची मुदत सरकारवर बंधनकारक, ही तिची रचना भारतीय शिक्षणाच्या इतिहासात दुर्मीळ म्हणावी लागेल. परंतु स्थानिक संस्थेच्या हाती शिक्षकाची नेमणूक परत आली ती स्वस्त शिक्षकाच्या रूपाने. परिणामी स्थानिक कारभार म्हणजे कमी वेतन, असे समीकरण शिक्षकांच्या मनात पक्के झाले. नेमणुकांविषयीच्या तक्रारी जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आंदोलने झाली. शिक्षाकर्मींचा 'अध्यापक संवर्ग' झाला आणि १ जुलै २०१८ पासून तो राज्याच्या शालेय शिक्षण सेवेत आणण्यात आला. १९६३ची वाट पंचावन्न वर्षांनी पुन्हा चालली गेली.

महाराष्ट्राचे चित्र फार निराळे मानण्याचे कारण नाही. तेथेही २००० पासून अल्प मानधनावर शिक्षणसेवक नेमले गेले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे वेतन राज्याच्या अनुदानातून येते व बदल्यांचे धोरण राज्यच ठरवते. शाळेवरील पाटी जिल्हा परिषदेची असली, तरी कराचा अधिकार तेथेही स्थानिक संस्थेच्या हाती फारसा नाही.

८. फलिताचा विचार

या दोन वाटांपैकी कोणती अधिक फलदायी ठरली, असे विचारले जाणे साहजिक आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के, मध्य प्रदेशची सुमारे ६९ टक्के आणि जबलपूर जिल्ह्याची सुमारे ८१ टक्के होती. या आकड्यांवरून जिल्हा परिषद श्रेष्ठ ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. एक तर दोन राज्यांतील अंतर जुने आहे. १९६१ मध्ये, म्हणजे वाटा फुटण्यापूर्वीच, महाराष्ट्रात साक्षरांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या सुमारे ३० टक्के होते, तर मध्य प्रदेशात सुमारे १७. दुसरे, जबलपूर जिल्ह्याची निम्म्याहून अधिक वस्ती नागरी आहे; त्याच्या साक्षरतेत छावणी, रेल्वे, आयुधनिर्माणी आणि खाजगी शाळांचा वाटा मोठा आहे. कुंडमच्या खेड्याचे फलित या आकड्यात दिसत नाही.

अधिक बोलका आकडा शाळांच्या आकाराचा आहे. युनेस्कोच्या २०२१च्या भारतविषयक अहवालानुसार मध्य प्रदेशात २१ हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या. वस्ती तेथे शाळा या धोरणाने शाळा पोचली. पुरेसे शिक्षक पोचले नाहीत. आता प्रवाह उलटा आहे. २०१८ नंतर 'एक परिसर, एक शाळा' या धोरणाने शाळा एकत्र करण्यात आल्या व २०२१ पासून मोठ्या, साधनसंपन्न 'सीएम राइज' शाळांवर भर आला; २०२५ मध्ये त्यांना सांदीपनी विद्यालय हे नाव देण्यात आले. महाराष्ट्रातही वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४ हजारांहून अधिक शाळांच्या संदर्भात २०२३ मध्ये समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आला. दोन्ही राज्यांत पटसंख्येचा हिशेब वरून होतो आणि शाळा हलवण्याचा निर्णयही वरून येतो. लहान मुलाने, विशेषतः मुलीने, दुसऱ्या गावी चालत जावे का, हा प्रश्न मात्र गावातच भोगावा लागतो.

९. समारोप

जनपद सभा चौदा-पंधरा वर्षांत शाळांपासून दूर झाली. तेवढ्यावरून तहसिलीच्या पातळीवर शाळा चालवणे अशक्य असते, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. तिला शाळा मिळाल्या. पण स्वतःचा पैसा मिळाला नाही, आणि शाळेच्या गुणवत्तेविषयी बोलण्याचा अधिकार मिळाला नाही. शिक्षक तिचा होता, परंतु त्याला सरकारी शिक्षकाएवढे वेतन देण्याची ऐपत तिच्यात नव्हती. पैसा, नेमणूक आणि तपासणी यांची फारकत कायम ठेवून शाळेचे एकक कितीही लहान केले, तरी शाळा लोकांच्या हाती येत नाही, हा त्या अनुभवाचा अर्थ आहे.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने पालकांचे बहुमत असलेली शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. १९४८ मध्ये तहसिलीला जे दिले गेले, ते आता एकेका शाळेच्या समितीला देण्यात आले आहे. म्हणजे जबाबदारी देखरेखीची, आणि पैसा मात्र वरून येणाऱ्या अनुदानाचा. शाळा बंद करण्याच्या, हलवण्याच्या वा शिक्षक काढून घेण्याच्या निर्णयात या समितीच्या संमतीला कायद्याने वजन मिळाले, तर जनपद योजनेतील मूळ हेतू काही अंशी तरी सिद्धीस जाईल. तसे झाले नाही, तर सिहोरा आणि नरखेड येथील पालकांची स्थिती, पाट्या वेगवेगळ्या असूनही, एकसारखीच राहील.